परवान्याचे शब्द आणि लिनक्सचे मुक्त वितरण



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्याविषयी आपल्यापैकी अनेकांनी माझ्याहून अधिक जिव्हाळ्याने बोलावे असा त्यांचा आणि या शाळेचा संबंध होता. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी विषयाकडे वळतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु माझा विषय यंत्राचा नाही, शब्दांचा आहे. लिनक्स नावाची संगणकप्रणाली जगभर मोफत वाटली जाते, हे आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तिच्यात कोणती आज्ञावली यावी, कोणती येऊ नये, आलेली कोणत्या नावाने यावी, हे मात्र पुष्कळदा यंत्राच्या गुणांवर ठरत नाही. ते आज्ञावलीसोबत जोडलेल्या परवान्याच्या पाठावर, त्यातील एखाद्या उभयान्वयी अव्ययावरसुद्धा ठरते. ज्याने आयुष्यभर पाठचिकित्सा शिकवली, त्याला या प्रांतात परके वाटण्याचे कारण नाही.

१. मोफत आणि मुक्त

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करू. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले आणि संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले. तेथे वाचन मोफत होते. परंतु ग्रंथालयातून आणलेले पुस्तक वाचकाला छापता येत नव्हते, त्यात सुधारणा करून नवी आवृत्ती काढता येत नव्हती. ते पुस्तक मोफत होते, मुक्त नव्हते.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. त्यांना अभिप्रेत असलेल्या मुक्ततेची चार अंगे सांगितली जातात. आज्ञावली कोणत्याही कारणासाठी वापरता यावी, तिची रचना अभ्यासून ती बदलता यावी, तिच्या प्रती इतरांना देता याव्यात, आणि बदललेल्या प्रतीही देता याव्यात. यांतील दुसऱ्या अंगासाठी आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, हाती असावी लागते. संगणक जी प्रत चालवतो ती माणसाला वाचण्याजोगी नसते. महानुभावांच्या पोथ्या आठवाव्यात. सकळ लिपीत लिहिलेली पोथी पिढ्यान्‌पिढ्या मठांत सुरक्षित होती. पण त्या लिपीची किल्ली नसणाऱ्या अभ्यासकाला ती हातात घेऊनही उपयोग नव्हता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडल्यावर मराठी वाङ्मयाचा एक मोठा खजिना उघडला. मूळ संहितेविना मिळालेली आज्ञावली ही अशीच किल्लीवाचूनची पोथी होय.

लिनक्सच्या जन्मकथेतच परवान्याचे महत्त्व दिसते. हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली या प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या परवान्यात एक अट होती. प्रती वाटाव्यात, पण त्यासाठी पैसे घेऊ नयेत. अट सद्‌हेतूची होती. परंतु त्या काळी आंतरजाल फार थोड्यांच्या हाती होते. प्रती फ्लॉपीवरून हिंडत, आणि फ्लॉपीला, टपालाला व प्रती काढणाऱ्याच्या वेळेला मोल पडे. पैसे घेण्याची मनाई ही व्यवहारात वाटण्याचीच मनाई ठरली असती. १९९२ साली टोरवाल्ड्स यांनी ती अट काढून ग्नू प्रकल्पाचा ‘जनरल पब्लिक लायसन्स’, म्हणजे जीपीएल हा परवाना स्वीकारला. पैसे घ्या वा न घ्या. पण जो घेईल त्याला मूळ संहिता द्या, आणि तुम्हाला मिळालेले सर्व अधिकार त्यालाही द्या, हे या परवान्याचे सार आहे.

२. वितरण आणि पॅकेज

नुसता गाभा कोणाच्या कामाचा नसतो. अक्षरे दाखवणारी, पत्रे पाठवणारी, चित्रे काढणारी, छपाई करणारी अशा हजारो आज्ञावल्या त्याच्याभोवती लागतात, आणि त्यांचे कर्तेही जगभर विखुरलेले हजारो लोक असतात. या सर्वांचे लेखन गोळा करून, परस्परांशी जुळवून, एकसंध प्रणाली म्हणून प्रसिद्ध करण्याच्या उद्योगास ‘वितरण’ म्हणतात. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेले डेबियन हे त्यांतील जुन्या व मोठ्या वितरणांपैकी एक. ते कोणा कंपनीचे नसून स्वयंसेवकांचे आहे. लोकप्रिय असलेले उबुंटू २००४ साली त्याच्यावरूनच निघाले. मी पुढील उदाहरणे मुख्यतः डेबियनमधून घेणार आहे, कारण तेथे परवान्याचा विचार सर्वांत उघडपणे आणि सर्वांत बारकाईने झालेला आहे.

वितरणातील एकेका घटकाला पॅकेज म्हणतात. पॅकेज बांधणारा स्वयंसेवक मूळ कर्त्याची संहिता घेतो, ती आपल्या प्रणालीशी जुळावी म्हणून तीत आवश्यक ते फेरफार करतो, तिच्यापासून चालण्याजोगी प्रत तयार करतो, तिला आणखी कोणती पॅकेजे लागतात याची यादी जोडतो आणि सर्व मिळून संग्रहात ठेवतो. तेथून जगभरच्या अनेक सर्व्हरांवर त्याच्या प्रती जातात. कोणी त्यांच्या डिस्क बनवून विकतो, कोणी त्यावरून स्वतःचे वितरण काढतो.

आता कायद्याच्या दृष्टीने या प्रत्येक पायरीकडे पाहावे. प्रत करणे, बदल करणे, बदललेले प्रसिद्ध करणे, विकणे, या साऱ्या गोष्टी कॉपीराइटच्या कायद्यानुसार कर्त्याच्या अधिकारातील आहेत. कर्त्याने परवानगी दिली नसेल, तर ती नाहीच असे धरावे लागते. मौन ही येथे संमती नव्हे. म्हणूनच पॅकेज बांधणे ही केवळ पुडी बांधण्याची क्रिया नाही. ते पुनःप्रकाशन आहे. आणि ही परवानगी एकट्या डेबियनला असून भागत नाही. डेबियनकडून घेणाऱ्याला, त्याच्याकडून घेणाऱ्याला, अशी ती अखंड पुढे गेली पाहिजे. देवळातील प्रसाद ज्याला मिळतो तो आणखी चौघांना देऊ शकतो, पुन्हा पुजाऱ्याला विचारावे लागत नाही. तसेच हे आहे.

३. सनद, कसोट्या आणि खोल्या

१९९७ साली डेबियनने आपली सामाजिक सनद आणि तिच्या अंतर्गत मुक्ततेच्या दहा सूत्रांची एक संहिता स्वीकारली. तिचे संपादन ब्रूस पेरेन्स यांनी केले होते. पुढच्याच वर्षी ‘ओपन सोर्स’ या संकल्पनेची जी व्याख्या पुढे आली, ती या सूत्रांवरूनच घेतलेली आहे. सूत्रे थोडक्यात अशी. पुनर्वितरणास आडकाठी नसावी. मूळ संहिता सोबत असावी. बदल करण्याची व बदललेले वाटण्याची मोकळीक असावी. कोणत्याही व्यक्तीला वा समूहाला वगळू नये. कोणत्याही कार्यक्षेत्राला वगळू नये. परवाना पुढच्या प्रत्येकाला आपोआप लागू व्हावा. तो केवळ डेबियनपुरता नसावा. सोबत असलेल्या इतर आज्ञावल्यांवर त्याने अटी लादू नयेत. राहिलेल्या सूत्रांपैकी एकात मूळ कर्त्याच्या पाठाच्या अखंडतेचा विचार आहे, त्याकडे मी नंतर येतो; शेवटच्यात मान्य परवान्यांचे नमुने दिले आहेत.

या कसोट्यांनुसार संग्रहाच्या खोल्या ठरतात. जे सर्व सूत्रांना उतरते आणि ज्याला मुक्त नसलेल्या कशाचीही गरज पडत नाही, ते ‘मेन’ या मुख्य विभागात जाते, आणि डेबियन म्हणजे खरे तर तेवढेच. जे स्वतः मुक्त आहे पण मुक्त नसलेल्या एखाद्या गोष्टीवाचून चालत नाही, ते ‘कॉन्ट्रिब’मध्ये. जे वाटता येते पण सूत्रांना उतरत नाही, ते ‘नॉन-फ्री’मध्ये. या शेवटच्या दोन खोल्या वाड्याच्या आवारात आहेत, घरात नाहीत. आणि जे वाटताच येत नाही, त्याला आवारातही जागा नाही.

नवे पॅकेज आले की ते प्रथम एका रांगेत थांबते. संग्रहाची जबाबदारी असलेले स्वयंसेवक ते तपासतात. त्यांच्या तपासणीचा मोठा भाग आज्ञावली चालते की नाही हा नसून, तिच्या प्रत्येक भागाचा कर्ता कोण आणि त्याने काय अनुज्ञा दिली आहे, हा असतो. म्हणून प्रत्येक पॅकेजमध्ये ‘कॉपीराइट’ नावाची एक नोंद अनिवार्य असते. जुन्या पोथीच्या अखेरीस पुष्पिका असे. ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणी केली, कोणत्या शकात, हे तीत सांगितलेले असे. तिच्याचवरून आम्ही पोथीची परंपरा ठरवीत असू. ही नोंद म्हणजे पॅकेजची पुष्पिकाच.

काही वेळा आज्ञावली संपूर्ण मुक्त असते, पण तिच्या गाठोड्यात एखादे चित्र, एखादा दस्तऐवज, किंवा मूळ संहिता नसलेली एखादी तयार फाइल असते. अशा वेळी पॅकेज बांधणारा तेवढा भाग वगळून गाठोडे पुन्हा बांधतो आणि आवृत्तीच्या क्रमांकापुढे त्या सूत्रसंहितेची चार आद्याक्षरे, डीएफएसजी, जोडतो. पाठातून काही गाळले असेल तर संपादकाने तसे सांगावे, हा आमच्या शास्त्रातला दंडक तेथेही पाळला जातो.

४. शब्दांनी केलेले निर्णय

आता काही प्रत्यक्ष उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण ‘पाइन’ या टपाल वाचण्याच्या आज्ञावलीचे. ती वॉशिंग्टन विद्यापीठाची. तिच्या जुन्या परवान्यात वापरणे, प्रती करणे, बदलणे ‘आणि’ वाटणे यांची परवानगी होती. सामान्य वाचक याचा अर्थ असा करील की बदललेली प्रतही वाटता येते. विद्यापीठाने मात्र असा अर्थ लावला की बदलण्याची परवानगी आहे, वाटण्याचीही आहे. पण बदलून वाटण्याची नाही. ‘आणि’ हे अव्यय दोन क्रियांना नुसते शेजारी बसवते की त्यांचा संयोगही मान्य करते, असा हा मीमांसेचा प्रश्न होता. परिणामी डेबियनला पाइनची तयार प्रत देता येईना. मूळ संहिता एकीकडे आणि दुरुस्त्या दुसरीकडे असे तिचे गाठोडे नॉन-फ्री विभागात राहिले. वापरणाऱ्याने घरी नेऊन ते स्वतः शिजवावे. पुढे त्याच विद्यापीठाने ‘अल्पाइन’ नावाने नवी आवृत्ती काढली आणि तिला अपाची हा सर्वमान्य मुक्त परवाना दिला. ती मुख्य विभागात आली. दुसरी एक टपालविषयक आज्ञावली, डॅनियल बर्नस्टाइन यांची ‘क्यूमेल’, हिचेही असेच झाले. मूळ रूपात वाटा, बदललेली तयार प्रत वाटू नका, या अटीमुळे ती वर्षानुवर्षे बाहेर राहिली आणि २००७ साली कर्त्याने तिच्यावरील सर्व हक्क सोडल्यावर तिची वाट मोकळी झाली.

दुसरे उदाहरण अधिक गाजलेले. १९९६ साली ‘केडीई’ हा प्रकल्प सुरू झाला. लिनक्सला चित्रमय, देखणा दर्शनी भाग द्यावा हा त्याचा हेतू. केडीई स्वतः जीपीएलखाली होते. पण ज्या ‘क्यूटी’ या साहित्यावर ते उभे होते, ते नॉर्वेमधील ट्रॉलटेक कंपनीचे, आणि त्याचा परवाना त्या वेळी मुक्त नव्हता. जीपीएल सांगते की मिळून जे एक होते, ते सर्व याच अटींवर द्या. क्यूटीच्या अटी तसे करू देत नव्हत्या. म्हणजे केडीईच्या कर्त्यांची इच्छा कितीही असो, त्यांच्या परवान्याचे शब्द तयार प्रत वाटण्याच्या आड येत होते. १९९८ साली डेबियनने केडीई आपल्या संग्रहातून काढले. पुष्कळांना हा शब्दच्छल वाटला. परंतु २००० साली ट्रॉलटेकने क्यूटी जीपीएलखाली खुले केले आणि केडीई सन्मानाने परत आले. दरम्यान, ‘ग्नोम’ हा दुसरा दर्शनी भाग याच अडचणीतून १९९७ साली जन्माला आला. आज लिनक्सला दोन मोठे दर्शनी भाग का आहेत, याचे उत्तर बरेचसे एका परवान्यात आहे.

तिसरे उदाहरण सद्‌भावनेचे. ‘जेसन’ या माहिती लिहिण्याच्या पद्धतीशी संबंधित आज्ञावल्यांना डग्लस क्रॉकफर्ड यांनी दिलेल्या परवान्यात अशी अट आहे, की आज्ञावली चांगल्यासाठी वापरावी, वाइटासाठी नव्हे. यात वाईट काय, असे आपण विचारू. परंतु चांगले कोणते आणि वाईट कोणते हे कोण ठरवणार? हा निर्णय कर्त्याकडे राहिला, की वापरणाऱ्याच्या डोक्यावर कायमची टांगती तलवार राहिली. कोणतेही कार्यक्षेत्र वगळू नये या सूत्रात अशी अट बसत नाही. म्हणून असा परवाना असलेले साहित्य मुख्य विभागात घेतले जात नाही. नीतिवचन आणि अनुज्ञापत्र हे दोन वेगळे वाङ्मयप्रकार आहेत, एवढा बोध येथे घ्यावा.

५. नाव आणि पाठ

मघाशी मूळ पाठाच्या अखंडतेचे सूत्र बाजूस ठेवले होते. आपल्या परंपरेत हा प्रश्न जुना आहे. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तीत पुढे स्वतःच्या ओव्या मिसळणाऱ्यास स्पष्ट शब्दांत दोष दिला. मूळ कर्त्याच्या नावावर दुसऱ्याचे शब्द खपू नयेत, ही चिंता रास्तच आहे. मुक्ततेशी तिचा मेळ कसा घालावा?

डेबियनच्या सूत्राने तडजोड काढली आहे. बदललेल्या आवृत्तीला वेगळे नाव द्या, अशी अट कर्त्याने घातली तर चालेल. बदलूच नका अशी अट मात्र चालणार नाही. या तडजोडीची कसोटी ‘फायरफॉक्स’च्या प्रसंगात लागली. फायरफॉक्सची संहिता मुक्त होती, पण तिचे बोधचिन्ह मुक्त परवान्याखाली नव्हते. नाव वापरायचे तर चिन्हही वापरा आणि तुमच्या दुरुस्त्या आम्हाला आधी दाखवा, अशी मोझिलाची भूमिका होती. २००६ साली डेबियनने नाव सोडले, संहिता ठेवली. तीच आज्ञावली ‘आइसवीझल’ या नावाने दहा वर्षे नांदली. २०१६ साली उभय पक्षांचा समेट होऊन जुने नाव परत आले. या काळात कोणाची आज्ञावली बंद पडली नाही, कोणी न्यायालयात गेले नाही. कर्त्याच्या नावाचा मान आणि वाचकाचा पाठावरील अधिकार, दोन्ही शाबूत राहिले.

याच्या उलट प्रसंग दस्तऐवजांचा. ग्नू प्रकल्पाच्या स्वतःच्या दस्तऐवज-परवान्यात, काही प्रकरणे ‘अपरिवर्तनीय’ म्हणून राखून ठेवण्याची सोय आहे. २००६ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून ठरवले की अशी प्रकरणे नसलेले दस्तऐवज मुक्त मानावेत. असलेले मानू नयेत. त्यामुळे ‘ईमॅक्स’ या सुप्रसिद्ध आज्ञावलीची मार्गदर्शिका नॉन-फ्रीमध्ये गेली. ज्यांनी मुक्तीचा विचार सांगितला, त्यांचेच पुस्तक घराबाहेर! कसोटी माणूस पाहून बदलत नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

६. दोन मुक्त परवान्यांचे न जुळणे, आणि एक तडजोड

दोन्ही परवाने मुक्त असूनही ते एकत्र नांदत नाहीत असेही घडते. सन कंपनीने ‘झेडएफएस’ ही माहिती साठवण्याची उत्तम व्यवस्था २००५ साली सीडीडीएल नावाच्या परवान्याखाली खुली केली. तो मुक्तच आहे. लिनक्सचा गाभा जीपीएलखाली आहे. तोही मुक्त आहे. परंतु दोघांचेही म्हणणे, माझा भाग माझ्याच अटींवर द्या, असे असल्याने दोघांची मिळून बनलेली तयार प्रत कोणत्या अटींवर द्यावी, हा पेच पडतो. २०१६ साली उबुंटूने ती तयार प्रत दिली. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने हा भंग आहे असे मत दिले. इतर कायदेपंडित तितके निश्चित नव्हते. डेबियनने मधला मार्ग काढला. झेडएफएसची मूळ संहिता कॉन्ट्रिबमध्ये ठेवली. वापरणाऱ्याचा संगणक ती स्वतःच्या घरी गाभ्याशी जोडतो. वाटण्यावर बंधन आहे, घरी जोडण्यावर नाही, हा भेद त्यामागे आहे.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. आरंभी मुक्त असलेली आज्ञावली लोकप्रिय झाल्यावर कंपनी तिचा परवाना आवळते. ‘मोंगोडीबी’ने २०१८ साली असे केले आणि डेबियन, फेडोरा यांनी तिला संग्रहातून वगळले. ‘रेडिस’ने २०२४ साली तसेच केले, तेव्हा जुन्या मुक्त आवृत्तीवरून ‘वाल्की’ ही नवी शाखा निघाली. पुढच्या वर्षी रेडिसने पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. यातून दिसते ते असे, की एकदा दिलेली मुक्त अनुज्ञा जुन्या आवृत्तीपुरती परत घेता येत नाही. तिच्यावर दुसरा वृक्ष वाढू शकतो.

या साऱ्या काटेकोरपणाची किंमत कोण देतो, हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बिनतारी जोडणीचे भाग आणि तत्सम यंत्रावयव चालू होण्यासाठी त्यांच्या उत्पादकांची छोटी आज्ञावली, फर्मवेअर, लागते. तिची मूळ संहिता बहुधा मिळत नाही. २०११ च्या आवृत्तीपासून डेबियनने ती गाभ्यातून वगळली. परिणाम असा की नवख्या माणसाने प्रणाली बसवायला घ्यावी आणि आंतरजालाची जोडणीच होऊ नये. आणि फर्मवेअर आणायला तर आंतरजालच हवे! शेवटी २०२२ साली सभासदांनी मतदानाने सनदेत दुरुस्ती केली. २०२३ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून अशा फर्मवेअरसाठी स्वतंत्र खोली झाली, आणि अधिकृत स्थापनासंचात ते समाविष्ट झाले. स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला हे मान्य नाही. त्यांच्या मान्य वितरणांच्या यादीत डेबियन पूर्वीही नव्हते. माझे मत विचाराल तर ही तडजोड मी योग्य समजतो. कारण ती लपवलेली नाही. खोलीच्या दारावर पाटी आहे, काय मुक्त नाही हे वापरणाऱ्याला कळते, आणि नको असेल त्याला ते नाकारता येते.

७. आपल्या भाषेपुरते

याचा मराठीशी संबंध काय? संबंध निकटचा आहे.

१९९६ च्या सुमारास मी बोलीतील शब्दांची एक सूची संगणकावर उतरवून घेतली. त्या वेळी प्रचारात असलेल्या एका मराठी टंकात ती होती. अक्षरांचे संकेतांक त्या टंकाचे स्वतःचे होते, आणि तो चालावा म्हणून संगणकाच्या मागे एक कुलूप लावावे लागे. काही वर्षांनी नव्या संगणकांना ते कुलूप लागेना, कंपनीने जुन्या ग्राहकांची दखल घेतली नाही, आणि टंकाची प्रत दुसऱ्या कोणाकडून घेण्यास परवाना नव्हता. फाइल आजही माझ्याकडे आहे. उघडली तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. सकळ लिपीला राजवाडे भेटले. आमच्या पिढीच्या अशा किती हस्तलिखितांना कोण भेटणार आहे?

आता दुसरी बाजू. ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली जीपीएलखाली खुले केले आणि २०११ साली त्यांना ‘ओपन फाँट लायसन्स’ हा टंकांसाठी घडवलेला परवाना मिळाला. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ हा देवनागरी टंकही त्याच परवान्याखाली आहे. या परवान्यात कर्त्याला टंकाचे नाव राखून ठेवता येते. बदल करणाऱ्याने दुसरे नाव घ्यावे. एकनाथांची चिंता आणि डेबियनची सूत्रे येथे एकाच कलमात भेटतात. अशा परवान्यामुळेच आज कोणीही लिनक्स बसवले तर त्याला देवनागरी अक्षरे कोणाकडे न मागता मिळू शकतात.

परंतु आपल्या संस्था आणि व्यक्ती मराठीसाठी जे तयार करतात, त्यावर बहुधा दोनपैकी एक गोष्ट आढळते. एक तर परवाना लिहिलेलाच नसतो, कारण ‘आम्ही कोणाला अडवतो आहोत?’ किंवा ‘केवळ शैक्षणिक व अव्यावसायिक वापरासाठी’ असे मोठ्या सद्‌भावनेने लिहिलेले असते. आतापर्यंतच्या विवेचनावरून ध्यानात आले असेल, की पहिल्या प्रकारात अनुज्ञा शून्य आहे, आणि दुसऱ्या प्रकारात कार्यक्षेत्र वगळले आहे. टोरवाल्ड्स यांची पैशांची अट आठवावी. दोन्ही प्रकारचे कोश, शब्दयाद्या आणि टंक कोणत्याही मुक्त वितरणाच्या मुख्य दारातून आत येऊ शकत नाहीत. कर्त्याला वाटते, आपण लोकांना दान दिले. दान पोहोचतच नाही.

या सभेत संगणकक्षेत्रातील अनेक माजी विद्यार्थी आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. मराठीसाठी टंक, कोश, शुद्धलेखनाची यादी, जे काही कराल, त्यासोबत परवाना लेखी जोडा. तो स्वतः रचू नका. पाइनच्या ‘आणि’ने काय केले ते आपण पाहिले. चोखाळलेला, लोकांनी वाचून पारखलेला परवाना घ्या. व्यावसायिक वापराची मनाई घालू नका. छपाईची प्रत देऊन थांबू नका. टंकाचे आराखडे, कोशाची मूळ नोंदवही, म्हणजे ज्यावर पुढचा माणूस काम करू शकेल असे रूप द्या. नावाची काळजी असेल तर नाव राखून ठेवा, पाठ मोकळा सोडा. आणि दुसऱ्याचे काम त्यात घेतले असेल तर त्याची पुष्पिका प्रामाणिकपणे लिहा.

या शाळेच्या संगणककक्षातही या विचाराचा उपयोग आहे. मुक्त प्रणाली शिक्षकाने शिकवली, तर तीच प्रत विद्यार्थी घरी नेऊ शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, आणि त्यात त्याला चोरी शिकावी लागत नाही. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला, जे हाती आले ते पुढच्या हाती सोपवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पिढ्यांमागून पिढ्या आपण तेच करीत आलो. आता त्यासोबत चार ओळींची लेखी अनुज्ञा जोडायची आहे, इतकेच.